गरब्याआधी पाठीवरच्या पुळ्या: कोणती पुळी, कोणता वॉश, किती मिनिटं

बॅकलेस चोळीत पाठीचा जो भाग उघडा राहतो, मानेखालचा आणि दोन खांद्यांच्या पात्यांमधला, नेमका तिथेच पावसाळाभर पुळ्यांचा मुक्काम असतो. यात चोळीचा दोष नाही. छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागात तेलग्रंथी दाट असतात, पाठीची कातडी चेहऱ्यापेक्षा जाड असते, आणि बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळायचं नाव घेत नाही. त्यावर घट्ट ब्लाउज, आणि स्कूटरवर पाठीला चिकटलेली सॅक. छिद्राचं तोंड बुजायला एवढं पुरतं.

उपाय फसतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर सगळ्या पुळ्या सारख्याच समजल्या जातात. दुसरं, जो वॉश कातडीवर काही मिनिटं राहायला हवा, तो साबणासारखा लावून लगेच धुऊन टाकला जातो. मग बाटली बदलत बसायचं. बाटली बदलण्यापेक्षा घड्याळ बघणं स्वस्त पडतं.

वेळेचं गणित आधीच मांडलेलं बरं. पुळ्यांवरच्या कुठल्याही उपायाला ठळक फरक दाखवायला ८ ते १२ आठवडे लागतात, कारण आज दिसणाऱ्या पुळीचं छिद्र कित्येक आठवड्यांपूर्वीच बुजलेलं असतं. अधिक महिना मध्ये आला नाही, तर आषाढी एकादशीपासून घटस्थापनेपर्यंत जवळपास ८० दिवस, म्हणजे अकरा आठवडे मिळतात. सुरुवात तिथून करावी. गणपती बसल्यावर मेडिकलमध्ये धाव घेणाऱ्यांच्या हातात चार आठवडेही नसतात. त्यांच्या पुळ्या थोड्या बसतील, पण डाग राहतील.

आधी पुळी ओळखा

दिवसाच्या उजेडात, पाठ खिडकीकडे करून मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून घ्या. बाथरूमच्या दिव्याखाली सगळंच लाल दिसतं.

खरे मुरूम एकसारखे नसतात. काही काळी टोकं, काही कातडीच्या रंगाचे बारीक दाणे, काही लाल फोड, एखादी पू धरलेली, एखादी आत गाठीसारखी दुखणारी, असा मिश्र बाजार असतो. खाज फारशी नसते, दुखतं जास्त.

दुसरा प्रकार बुरशीचा. कातडीवर एरवीही राहणारी मॅलेसेझिया नावाची यीस्ट केसांच्या मुळाशी माजली की होतो. ओळख सोपी: सगळ्या पुळ्या एकाच मापाच्या, एक-दोन मिलिमीटरच्या, जणू साच्यातून काढलेल्या. काळी टोकं नाहीत. खाज भरपूर, घाम आला की आणखी. छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कपाळाची केसांजवळची कड या तिच्या आवडत्या जागा. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर किंवा स्टिरॉइडचं मलम लावल्यावर अचानक पीक आलं असेल, तर संशय इथेच घ्यावा. मुरूम समजून पुन्हा अँटिबायोटिक घेतलं तर ही वाढते, कारण तिच्याशी जागेसाठी भांडणारे जिवाणू त्या गोळीने मरतात.

तिसरं घामोळं. ते मे महिन्यात तासाभरात उठतं, टोचतं, आणि पंख्याखाली दोन दिवस सुती कपड्यात काढले की बसतं. त्याला वॉश नको, वारा हवा. आणि दंडाच्या मागच्या बाजूला खिसणीसारखे खरखरीत दाणे असतील, तर ते मुरूमच नव्हेत. तिथे केराटिन, म्हणजे कातडीचं कडक प्रथिन, छिद्रात गोळा झालेलं असतं. त्याला १० टक्के युरियाचं लोशन लागतं, घासणं नाही.

मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड

पाठीच्या मुरुमांवर पहिली निवड हीच. छिद्रातले जिवाणू हे औषध ऑक्सिजन सोडून मारतं, त्यामुळे अँटिबायोटिकला जसे ते सरावतात तसे याला सरावत नाहीत. वॉश किंवा जेल ४ किंवा ५ टक्क्यांचं घ्या. १० टक्क्यांचं घेतलं की दुप्पट गुण येतो असं नाही, जळजळ मात्र नक्की वाढते.

पहिल्यांदा वापरणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तीन दिवस लावून बघा. थोडं कोरडं पडणं चालेल. सूज, पाणीदार फोड किंवा भयंकर खाज आली तर ही ॲलर्जी आहे, हे औषध तुमच्यासाठी नाही.

आता अंघोळ. बादली-तांब्याची असो की शॉवरची, क्रम महत्त्वाचा. केस आधी धुवायचे. कंडिशनर पाठीवरून ओघळतो आणि त्यातले तेलकट घटक तिथेच बसतात, म्हणून पाठ नेहमी शेवटी. केस धुऊन वर बांधा. हे औषध केसांचा रंगही उडवतं, त्यामुळे ओली वेणी पाठीवर लोंबकळत ठेवू नका. मग दोन तांबे कोमट पाणी पाठीवर घ्या आणि हाताने पाणी निपटा. कातडी ओलसर हवी, निथळती नको, नाहीतर वॉश पातळ होऊन थेट मोरीत जातो.

वॉश चहाच्या एका चमच्याइतका, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर. पाठीच्या वरच्या भागाला एवढा पुरतो. छातीवरही पुळ्या असतील तर आणखी अर्धा. चोळायचा नाही, नुसता पसरायचा. पाणी बंद. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, तीही एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं. सोसतंय असं दिसलं की रोज पाच मिनिटं. तेवढ्यात दात घासून होतात, पायाच्या टाचा घासून होतात. मग भरपूर पाण्याने धुवा. बादलीने अंघोळ असेल तर पुढे वाकून तांब्या मानेवरून ओता. ताठ बसून खांद्यावरून ओतलेलं पाणी मणक्याच्या खोबणीतून खाली जातं आणि दोन्ही बाजूंना वॉश तसाच राहतो. दोन आठवड्यांनी 'याने पाठ जळली' अशी तक्रार येते, ती पुष्कळदा या न धुतलेल्या दोन पट्ट्यांचीच असते.

रोज ५ मिलिलिटर म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली २० अंघोळी. महिनाभर पुरली तर समजा कमी वापरताय. तीन महिने पुरली तर वापरतच नाही आहात.

बाटली खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. हे औषध उष्णतेत विघटित होतं, आणि त्यातून बेंझीन हा घातक पदार्थ तयार होऊ शकतो. बडोद्याचा मे चाळिशीपार असतो. बेडरूममधलं बंद कपाट बरं. गेल्या वर्षीची उरलेली बाटली टाकून द्या.

रंगाची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण हा फटका खिशाला बसतो. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं. पांढरा टॉवेल, पांढरा बनियन, पांढरी उशीची खोळ, एवढं वेगळं ठेवा आणि रंगीत कपड्यांत धुवायला टाकू नका. जेल रात्री लावून ठेवत असाल तर सकाळी धुतल्याशिवाय बांधणीचा ब्लाउज अंगावर चढवायचा नाही. बडोद्याच्या नवा बाजारातून हौसेने आणलेल्या लाल-निळ्या चणियाचोळीवर पाठीच्या आकाराचा नारिंगी डाग पडला तर तो कुठलाही धोबी काढू शकत नाही. रंग गेलेलाच असतो, काढायला काही उरत नाही.

लाल फोड कमी आणि काळी टोकं, बारीक दाणेच जास्त असतील, तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा वॉश घ्या. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात उतरतं. रीत तीच, दोन-तीन मिनिटं. पण दोन्ही वॉश एकाच आठवड्यात सुरू करू नका. कातडी सोलली तर कोणामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

बुरशीसाठी शाम्पू

हो, शाम्पूच. कोंड्यासाठी मिळतो तो २ टक्के केटोकोनाझोलचा. ओलसर पाठीवर आणि छातीवर पातळ थर, ५ ते १० मिनिटं, मग धुणं. पहिले दोन आठवडे रोज, पुढचे दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, आणि नंतर पाऊस-घामाचे महिने संपेपर्यंत आठवड्यातून एकदा. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात आणि मग 'परत आलं' म्हणतात. यीस्ट कातडीवर राहणारच आहे, तिला फक्त माजू द्यायचं नाही.

एवढं करूनही चार आठवड्यांत खाज कमी झाली नाही तर यीस्ट मुळाशी खोल आहे आणि तिथे शाम्पू पोचत नाही. तेव्हा पोटातून औषध लागतं, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. शेजारणीच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या घेऊ नका, यकृताशी खेळ आहे.

या प्रकारात खोबरेल, ऑलिव्ह आणि मोहरीचं तेल पाठीला पूर्ण वर्ज्य. या यीस्टला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती बाहेरच्या तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते. रविवारी डोक्याला चंपी करून रात्रभर तेल ठेवलं की ते मानेवरून पाठीवर येतं, उशीवर येतं. चंपी करायचीच तर अंघोळीआधी तासभर, केस वर बांधून. तुमच्या बाबतीत दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात. मग एक दिवस बेंझॉइल, एक दिवस शाम्पू.

रात्रीचं जेल आणि न पोचणारा हात

सहा आठवड्यांनी वॉशने अर्धंच काम झालं असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून रात्री ०.१ टक्के अडापालीन जेल जोडता येतं. ते छिद्र मुळात बुजूच देत नाही. सकाळी बेंझॉइल, रात्री अडापालीन, ही जोडी एकमेकांना बिघडवत नाही. पण गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अडापालीन नको.

मात्रा बोटाने मोजा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पाठीच्या वरच्या भागाला दोन ते अडीच रेघा लागतात, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब रोजच्या वापरात पंधरवडाही काढत नाही. चेहऱ्याच्या हिशेबाने घेतलेली एक ट्यूब दोन महिने पाठीला लावणारे खरं तर औषध लावतच नसतात. आठवड्यातून तीन रात्रींपासून सुरू करा. लावल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली तर वरून हलकं, बिनवासाचं लोशन चालतं.

हात पोचत नाही ही खरी अडचण. स्वयंपाकघरातला सिलिकॉनचा लांब दांड्याचा स्पॅच्युला नवा आणा आणि तो फक्त पाठीसाठी ठेवा. पात्यावर जेलची रेघ काढायची, खांद्यावरून मागे नेऊन खालून वर ओढायची, मग दुसऱ्या खांद्यावरून. सिलिकॉन औषध शोषत नाही, कापूस शोषतो. वापरून झाला की साबणाने धुऊन उभा वाळवा. घरात बहीण किंवा नवरा असेल तर अर्थात त्याहून सोपं, पण त्यांना 'चोळू नको' हे बजावून सांगा.

घासणं सोडा

पाठ घासली की साफ होते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वजरी टाचांसाठी आहे. पाठीवर ती, लुफा किंवा जाडसर उटणं फिरवलं की सुजलेल्या छिद्राची भिंत आत फुटते, आतला मळ आजूबाजूच्या कातडीत शिरतो आणि पुळीची गाठ होते. शिवाय ओला लुफा बाथरूमच्या खिळ्यावर कधी वाळतच नाही.

साबणाचाही प्रश्न आहे. नळाला आजवा तलावाचं किंवा मही नदीचं पाणी येतं तिथे ठीक, पण पुष्कळ सोसायट्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पांढरा चिकट साका तयार करतं, जो बादलीच्या कडेला दिसतो आणि पाठीवर दिसत नाही. साबणाला फेस येत नसेल तर साबणविरहित क्लिन्झिंग बार वापरा, तो साका धरत नाही.

अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाची झाकणं ओतून पुळ्या जात नाहीत, कातडी तडतडते. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात. मुलतानी माती तासाभरासाठी तेल टिपते, बस. आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेलं 'सगळ्यावर चालणारं' मलम असेल तर वेष्टन वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. चार दिवस लाली बसेल, महिनाभराने स्टिरॉइडच्याच पुळ्या येतील आणि बुरशी फोफावेल ती वेगळी.

खाण्याबद्दल थोडक्यात. सेवउसळीतल्या तिखटावर लोक उगाच खापर फोडतात, ती खुशाल खा. साखर आणि मैदा बेताने. जिम लावून व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पुळ्या आल्या असतील, तर ते दोन महिने बंद ठेवून बघण्यात अर्थ आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची इंजेक्शनं सर्रास घेतली जातात. मोठ्या मात्रेने काहींना अचानक एकसारख्या पुळ्या उठतात. इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना हा संबंध बोलून दाखवा.

गरब्याच्या नऊ रात्री

पाठीचं वॅक्सिंग करायचं असेल तर घटस्थापनेच्या किमान आठवडाभर आधी, आणि त्याआधी पाच-सात दिवस अडापालीन बंद. नाहीतर पट्टीबरोबर वरची कातडीही निघते. सुजलेल्या पुळ्या असतील तिथे वॅक्स नकोच. पाठीवर टॅटू काढून मैदानात उतरायची हौसही अशा कातडीवर करू नये.

चोळी शिवतानाच शिंप्याला आतून पांढरं सुती अस्तर टिचबटणांवर लावायला सांगा. आरशांची चोळी रोज धुता येत नाही, अस्तर येतं. दोन जोड असले की एक धुऊन वाळतो, एक अंगावर. मुलांनाही हेच लागू. केडियाचं जाड कापड घाम धरून ठेवतं, आत पांढरा बनियन हवा.

मध्यरात्री गरबा संपल्यावर खरा घोळ होतो. घामेजलेल्या चोळीतच तीन वाजेपर्यंत नाश्त्याच्या गाड्यांवर बसणं होतं. डिकीत ओला नॅपकिन आणि सैल सुती कुर्ता ठेवा. पाठ टिपायची, पुसायची नाही, आणि कपडे तिथेच बदलायचे. घरी आल्यावर साध्या पाण्याची अंघोळ पुरे. औषधी वॉश दिवसातून एकदाच, सकाळी. पाठीला फाउंडेशन लावणार असाल तर तेलविरहित घ्या आणि झोपण्यापूर्वी काढा. ऐन अष्टमीला नवी पुळी दिसली म्हणून दाबू नका. खांदे, छाती आणि पाठ या जागी जाड, उंच वण म्हणजे केलॉइड उठण्याची शक्यता जास्त असते, आणि तो पुळीसारखा बसत नाही.

काळे-तपकिरी डाग म्हणजे वण नव्हेत. ते महिन्यांनी फिके होतात. दिवसा उघडी पाठ उन्हात जाणार असेल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा. डागांसाठी १० ते २० टक्के ॲझेलेइक ॲसिड चालतं, ते मुरुमांवरही थोडं काम करतं.

डॉक्टरांकडे कधी

खोल दुखऱ्या गाठी, पुळी बसल्यावर खड्डा किंवा उंच वण, किंवा १२ आठवडे नेमाने करूनही फरक नाही, तर घरगुती प्रयोग थांबवा. पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर हार्मोनच्या तपासण्या लागतात. काखेत-जांघेत पुन्हापुन्हा गळवं येत असतील तर तो वेगळाच आजार आहे. पुळ्यांसोबत ताप आणि सांधेदुखी आली तर त्याच दिवशी दाखवा. जिममध्ये कुणी अंग कमावण्याची इंजेक्शनं दिली असतील तर तेही लपवू नका. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गाठींवर फार प्रभावी आहेत, पण गर्भाला गंभीर इजा करतात. त्या रक्ततपासणी आणि गर्भनिरोधनाची काटेकोर व्यवस्था असल्याशिवाय घ्यायच्या नसतात. आधी सुरू असलेल्या टीबीच्या, फिटच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्यांची नावं लिहून न्या, त्यांतल्या काहींनी पुळ्या येतात.

दसऱ्यानंतर वॉश लगेच सोडू नका. रोजऐवजी आठवड्यातून तीनदा करा. आणि वीसेक दिवसांनी नरकचतुर्दशी येते. पहाटे अभ्यंगाचं तेल हातापायांना हवं तेवढं लावा, पाठीच्या वरच्या भागाला नको. उटणं कपड्यातून दोनदा चाळून, दुधात भिजवून, पाठीवर नुसतं टेकवून धुवा. आई तेलाची वाटी घेऊन मागे उभी राहिलीच तर कंबरेखाली लावू द्या.